मान पुढे आलीय, दुखतेय: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. मानेचं दुखणं घेऊन येणाऱ्यांत आता सगळ्या थरांतली माणसं असतात. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत दिवसभर कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारे, अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं, हुपरीचे चांदी कारागीर, गुजरीत दागिने घडवणारे, घरी शिवणकाम करणाऱ्या ताई आणि रात्री अंथरुणात मोबाईल बघणारे आपण सगळेच. कामं वेगळी असली तरी प्रश्न बहुतेक तेच असतात. समोर बसलेल्या माणसाला जी उत्तरं देते तीच इथे लिहिते आहे.

मान पुढे येते म्हणजे नक्की काय होतं?

माणूस बाजूने बघितला की त्याचा कान साधारण खांद्याच्या वर यायला हवा. तो खांद्याच्या बराच पुढे गेला की आपण मान पुढे आली म्हणतो. यात मानेचा खालचा भाग पुढे वाकतो. समोरचं तर दिसायला हवं, म्हणून वरचा भाग मागे कलतो आणि हनुवटी पुढे येते. मग कवटीच्या खालच्या छोट्या स्नायूंना सतत आखडून राहावं लागतं. मानेच्या पुढच्या बाजूला, अगदी आत, मणक्यांना चिकटून असलेल्या स्नायूंना काम उरत नाही आणि ते ढिले पडतात. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस मात्र दिवसभर ओढलेला राहतो. संध्याकाळी 'खांदे भरून आलेत' असं जे आपण म्हणतो, ते बहुतेक वेळा याच स्नायूचं दुखणं असतं. त्यात पाठीला पोक आणि खांदे पुढे आले की चित्र पूर्ण होतं. व्लादिमिर यांडा या चेक डॉक्टरांनी असा एक साचाच मांडला होता: पुढून-मागून काही स्नायू आखडलेले, काही कमजोर, आणि त्यांची एकमेकांना छेद देणारी फुली.

मोबाईल बघताना मानेवर २७ किलो वजन येतं म्हणे. खरं का?

हा आकडा २०१४ साली न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जनने मांडलेल्या गणितातून आला आहे. डोक्याचं वजन साधारण पाच किलो. मान जितकी पुढे वाकेल तितका मणक्यावरचा भार वाढतो आणि ६० अंशांत तो २७ किलोच्या आसपास जातो, असा तो हिशेब. पण तो कॉम्प्युटरवरच्या मॉडेलचा आहे. जिवंत माणसाच्या मानेत यंत्र बसवून मोजलेला नाही.

वाकल्यावर भार वाढतो हे खरंच आहे. त्यावरून मान झिजते किंवा मोडते असा निष्कर्ष मात्र काढू नका. स्नायू आणि मणके भार घेण्यासाठीच आहेत. त्रास होतो तो त्याच अवस्थेत तासन् तास राहिल्याने, आणि इतका वेळ भार घ्यायची ताकद त्या स्नायूंत नसल्याने.

म्हणजे मान पुढे आली म्हणूनच दुखते असं नाही?

लोकांना थोडं न पटणारं उत्तर आहे, पण देते. आतापर्यंतच्या अनेक अभ्यासांचा २०१९ साली एकत्र आढावा घेतला गेला. मोठ्या माणसांत, ज्यांची मान दुखते त्यांचं डोकं न दुखणाऱ्यांपेक्षा थोडं पुढे असतं असं त्यात दिसलं. किशोरवयीन मुलांत मात्र असा फरक दिसला नाही. शिवाय आधी काय झालं, हेही अशा अभ्यासातून कळत नाही. मान दुखायला लागली की माणूस आपोआप आखडून, डोकं पुढे काढून बसतो.

मान पुढे असूनही आयुष्यभर काही न दुखणारी माणसं मी बघितली आहेत. अगदी ताठ बसणारी, तरीही मानेने हैराण झालेली माणसंही बघितली आहेत. कमी झोप, परीक्षेचं किंवा कर्जाचं टेन्शन, आधी कधी तरी लागलेला मार, व्यायामाचा अभाव, एकाच जागी तासन् तास बसणं, हे सगळं मिळून दुखणं तयार होतं. म्हणून माझा आग्रह एवढाच असतो की आरशातला आकार सरळ करण्यामागे लागू नका. मान आणि पाठ बळकट करा, दिवसभरात ती हलती ठेवा. त्यातून आकारही बऱ्यापैकी सुधारतो. तो थोडाच सुधारला आणि दुखणं पूर्ण गेलं, तरी काम झालं.

आपली मान किती पुढे आहे हे घरी कसं बघायचं?

भिंतीला पाठ लावून उभं राहा, टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे. ढुंगण आणि पाठ टेकवा. आता हनुवटी वर न उचलता डोक्याची मागची बाजू भिंतीला सहज टेकते का बघा. टेकवायला जोर लावावा लागला किंवा हनुवटी छताकडे गेली, तर मान आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला आहे. हवं तर घरातल्या कुणाला तरी बाजूने एक फोटो काढायला सांगा. तो सहज उभं असतानाचा हवा. फोटो काढायचा म्हटलं की सगळेच ताठ होतात.

एवढं पुरे. रोज मोजत बसू नका, त्याने काळजी तेवढी वाढते. अपवाद वयस्कर माणसांचा. साठीपुढच्या आईचं डोकं भिंतीला टेकेनासं झालं असेल, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, पाठीत कधी तरी अचानक कळ येऊन गेली असेल, तर हाडं ठिसूळ होऊन पाठीचा मणका दबलेला असू शकतो. त्यांना व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

कोणत्या लक्षणांवर थांबायचं नाही?

ही यादी नीट वाचा. यातलं काही असेल तर खालचे व्यायाम तुमच्यासाठी नाहीत, निदान तपासणीआधी तरी नाहीत.

अपघात झाला, गाडीवरून पडलात आणि त्यानंतर मान दुखतेय. हात किंवा बोटं कमजोर झालीत, हातातून कप सुटतोय. शर्टाची बटणं लावता येईनाशी झालीत, चालताना तोल जातोय, पाय जड वाटतायत, लघवी-संडासवरचा ताबा कमी झालाय. शेवटची चार लक्षणं मज्जारज्जूवर दाब येत असल्याची असू शकतात आणि त्यात उशीर झाला तर गेलेली ताकद परत मिळेलच असं नाही.

ताप आणि सोबत मान इतकी आखडली की हनुवटी छातीला लागत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. संध्याकाळी येणारा बारीक ताप, उतरत जाणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, हे आपल्याकडे मणक्याच्या टीबीचंही लक्षण असतं. पूर्वी कॅन्सर झालेल्यांनीही नवं मानेचं दुखणं अंगावर काढू नये.

मान, जबडा आणि डावा हात दुखतोय, घाम फुटलाय, छातीत दडपण आहे, तर ते मानेचं समजून बाम लावत बसू नका. १०८ ला फोन करा. अचानक, आजवर कधी आली नव्हती अशी मान किंवा डोकेदुखीची तीव्र कळ, सोबत एकाच्या दोन गोष्टी दिसणं, बोलताना अडखळणं, तोंड वाकडं होणं, यातही तेच करा.

एमआरआयमध्ये 'गॅप' आलीय, 'गादी सरकलीय' असं लिहिलंय. आता काय?

हा प्रश्न विचारताना माणसाचा चेहरा उतरलेला असतो, म्हणून सविस्तर सांगते. जपानमध्ये मानेचं काहीही दुखणं नसलेल्या १,२११ लोकांचा एमआरआय काढला गेला. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेतल्या चकत्या, म्हणजे मणक्यांमधल्या त्याच 'गाद्या', फुगलेल्या होत्या. विशीतल्या बहुतेक तरुणांच्यासुद्धा. म्हणजे दुखत नसताना शंभर माणसांचा एमआरआय काढला, तरी बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये काही ना काही लिहून येईल. एक्स-रेमधला 'मानेचा बाक कमी झालाय' हा शेराही तसाच. दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या, दोन्ही माणसांत तो दिसतो. एक्स-रे काढताना तुम्ही मान कशी धरली होती यानेही तो बदलतो.

रिपोर्ट निरुपयोगी नसतो. हातात ताकद कमी असेल, हातभर कळ जात असेल, मुंग्या आणि बधिरपणा एका ठरावीक पट्ट्यात असेल, तर त्या लक्षणांशी रिपोर्ट जुळवून बघायचा असतो. लक्षणं आणि तपासणी सोडून नुसत्या कागदावर उपचार ठरत नाहीत. शिर दबून हातात कळ येणाऱ्यांपैकीही बरेच जण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात. 'माझ्या मणक्यात गॅप आहे, मला आता वजन उचलायचं नाही' असं ठरवून वर्षानुवर्षं हालचाल टाळणारी माणसं भेटली की मला फार वाईट वाटतं. त्यांची मान त्या चकतीपेक्षा त्या भीतीने जास्त आखडलेली असते.

दोन्ही हातांना मुंग्या येत असतील आणि जेवण पूर्ण शाकाहारी असेल, तर डॉक्टरांना विचारून बी १२ एकदा तपासून घ्या. ती कमतरता आपल्याकडे बरीच आढळते आणि तिचं खापर उगाच मानेवर फुटतं.

व्यायाम कोणते? नेमके सांगा.

सुरुवातीला थोडेच करा, पण रोज. व्यायाम करताना ओढ जाणवणं, स्नायू थकणं चालतं. हातात कळ जाणं, मुंग्या वाढणं, गरगरणं चालत नाही. तसं झालं की तो व्यायाम थांबवा.

पहिला, झोपून मान डोलावणं. उताणं झोपा, गुडघे वाकवा, डोक्याखाली टॉवेलची एक घडी. आता कुणाला तरी अगदी हळू 'हो' म्हणताय अशी मान पुढे डोलवा. डोकं उचलायचं नाही, फक्त हनुवटी गळ्याकडे जाते. गळ्याच्या बाजूचे मोठे स्नायू हाताला कडक लागले तर जोर जास्त होतोय. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. दिसायला काहीच वाटत नाही आणि म्हणून लोक हा व्यायाम सगळ्यात आधी सोडतात. पण आतले ढिले पडलेले स्नायू जागे करायला याच्याइतका चांगला व्यायाम मला माहीत नाही. पहिल्या आठवड्यात दहा सेकंद जमत नसतील तर पाच धरा.

दुसरा, बसून हनुवटी आत घेणं. समोर बघत डोकं सरळ रेषेत मागे न्यायचं, खाली-वर नाही. क्षणभर दोन हनुवट्या दिसतील, दिसू द्या. पाच सेकंद धरून आठ-दहा वेळा. कॉम्प्युटरसमोर, सिग्नलला थांबल्यावर, कुठेही होतो. पण हा दिवसभर धरून ठेवायचा नाही. हनुवटी सतत आत ओढून फिरणारे लोक नवं दुखणं घेऊन येतात.

तिसरा, पाठीचा वरचा भाग मोकळा करणं. टॉवेलची गुंडाळी करून ती पाठीखाली आडवी, खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकाशी ठेवा. हात डोक्यामागे धरून मानेला आधार द्या आणि श्वास सोडत पाठ हळूच त्या गुंडाळीवरून मागे सोडा. आठ-दहा वेळा. मान पुढे येण्याचं मूळ खूप वेळा या भागात असतं. पाठ वाकलेली ठेवून नुसती मान मागे ओढली तर ती टिकत नाही. हाडं ठिसूळ असलेल्यांनी हा विचारूनच करावा.

चौथा, दाराच्या चौकटीत छाती ताणणं. कोपर खांद्याच्या उंचीवर चौकटीला टेकवून एक पाऊल पुढे टाका. तीस सेकंद, तीन वेळा.

आणि पाचवा, ज्यावर माझा सगळ्यात जास्त भर असतो, तो ताकदीचा. औषधाच्या किंवा खेळाच्या दुकानात रबरी बँड मिळतो. तो खिडकीच्या गजाला अडकवून, कोपर मागे नेत, दोन्ही पाती एकमेकांजवळ येतील असा ओढा. दहा-बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. मग बँड पायाखाली धरून दोन्ही हात बाजूने, थोडे पुढच्या दिशेने, खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. बँड नसेल तर पाण्याच्या बाटल्या घ्या.

ताकदीचं एवढं का सांगते, तर फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या, जुनं मानेचं दुखणं असलेल्या १८० स्त्रियांवर वर्षभराचा अभ्यास झाला होता. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी मान आणि खांद्यांचे ताकदीचे आणि दमाचे व्यायाम केले त्यांचं दुखणं, नुसतं ताणणं आणि चालणं-धावणं सांगितलेल्यांपेक्षा बरंच जास्त कमी झालं. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर १९८ लोकांपैकी एका गटाने बँडने हात बाजूला उचलण्याचा तो एकच व्यायाम रोज फक्त दोन मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे केला. त्यांचंही दुखणं कमी झालं. 'वेळ मिळत नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही दोन मिनिटं सांगते.

किती दिवसांत फरक पडेल?

रात्री झोपताना वळून मान अवघडली असेल, तर ती काही दिवसांत ते दोन आठवड्यांत सुटते. व्यायामापेक्षा तिला शेक आणि हळूहळू हालचाल हवी. महिनोन् महिने जुन्या दुखण्याला दोन-अडीच महिने द्या. मधे दोन-चार दिवस पुन्हा दुखेल. ते उपचार फसल्याचं लक्षण नाही, जुनं दुखणं असंच वर-खाली होत कमी होतं. सहा आठवडे मनापासून करून काहीच फरक नसेल तर पुन्हा तपासून घ्या.

मग दिवसभर ताठ बसायचं का?

नाही. ताठ बसूनही मान अवघडते. एक बैठक अर्ध्या तासापेक्षा जास्त धरू नका, एवढाच नियम पाळा. पुढे वाका, मागे टेका, मांडी घाला, उभं राहून फोन घ्या, पाण्याची बाटली मुद्दाम लांब ठेवा. अभ्यासिकेतल्या मुलांना मी सांगते की एक टॉपिक संपला की उठा, जिना उतरा, चढा, मग पुढचा टॉपिक.

कामाची जागा कशी हवी?

कॉम्प्युटरच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, पडदा हातभर लांब, कोपरांना आधार. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकत्र असतात, त्यामुळे एक तरी चुकतंच. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवा आणि कीबोर्ड-माऊस वेगळा घ्या. पुस्तक वाचताना पोथीला वापरतात ते लाकडी व्यासपीठ टेबलावर ठेवलं तर मान किती तरी वर राहते. घराघरांत ते देवघरापाशी पडून असतं.

चष्मा विसरू नका. नंबर बदललेला असला किंवा दुहेरी नंबरच्या चष्म्यातून खालच्या भागाने पडदा बघत असाल, तर माणूस नकळत हनुवटी पुढे काढतो. अशा मानेला आधी चष्म्याचं दुकान गाठावं लागतं.

खाली बसून बारीक काम करणाऱ्या कारागिरांचं मला जास्त वाटतं, कारण त्यांना कुणी खुर्ची-टेबल सुचवत नाही. चांदीचं काम असो, चपलेची वेणी असो, काम मांडीवर न धरता पाटावर किंवा उंच ठोकळ्यावर घ्या, छातीच्या जितकं जवळ येईल तितकं. बुडाखाली दुमडलेली सतरंजी ठेवली की कंबर आपोआप सरळ होते आणि मान कमी वाकते. उजेड समोरून किंवा बाजूने हवा. उजेड कमी पडला की कारागीर कामात डोकं घालतो.

स्वयंपाकघरात ओटा बुटका असेल तर भाकरी थापताना परात एखाद्या पाटावर ठेवून बघा. अंगावर पाजणाऱ्या आयांनी बाळाला उशीवर घेऊन वर आणावं, स्वतः बाळाकडे वाकू नये. पाजताना बाळाकडे बघत राहावंसं वाटतं हे मला कळतं. पण पहिल्या दोन मिनिटांनंतर डोकं मागे टेकून घ्या.

मोबाईल सोडवत नाही. निदान कसा धरू?

डोळ्यांजवळ वर आणा. बसताना कोपरांखाली उशी घ्या म्हणजे हात दुखणार नाहीत. फोनवर बोलताना तो कान आणि खांद्यात अडकवू नका, विशेषतः मोटरसायकलवर हेल्मेटमध्ये खुपसून तर नकोच. ते मानेसाठी वाईट आणि जिवासाठी त्याहून वाईट. रात्री भिंतीला डोकं टेकून, हनुवटी छातीला लावून तासभर रील बघणं ही एक सवय सुटली तरी पुष्कळ जणांची सकाळ सुधारते.

उशी कोणती घेऊ? की उशीच नको?

कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांच्यातली जागा भरेल इतकी जाड उशी. उताणं झोपत असाल तर पातळ. पालथं झोपणं शक्यतो सोडा, त्यात मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते. चांगली पिंजलेली कापसाची उशी चालते. महागडी उशी घेतलीच पाहिजे असं काही नाही. मान बरीच पुढे आलेल्या वयस्कर माणसाची उशी एकदम काढून घेऊ नका, त्यांचं डोकं अधांतरी राहतं आणि रात्रभर मान ताणते.

सलूनमध्ये मान मोडून घेतो, बरं वाटतं. चालेल?

नको. हलकं मालिश ठीक आहे. मान पकडून झटक्याने फिरवणं नको. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. असं क्वचित होतं. पण चार मिनिटांच्या बरं वाटण्यासाठी हा धोका घ्यावा असं मला वाटत नाही. हाडवैद्याकडे जाणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

मानेचा पट्टा, पोश्चर बेल्ट, दवाखान्यातल्या मशीन?

पट्टा अपघातानंतर किंवा डॉक्टरांनी सांगितला तर, तेवढ्याच दिवसांपुरता. महिनोन् महिने घातला तर मानेचे स्नायू आणखी कमजोर होतात. ऑनलाइन मिळणारा पोश्चर बेल्ट आठवण करून देण्यापुरता बरा, ताकद तो देत नाही. करंट आणि शेकाच्या मशीनने काही तास आराम मिळतो, त्या आरामात व्यायाम करून घ्यावा. नुसत्या मशीनवर दहा-पंधरा बैठका होत असतील आणि व्यायाम कुणी शिकवतच नसेल, तर विचारा की का शिकवत नाही. घरी गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं पुरते. वेदनेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने रोज घेऊ नका, मूत्रपिंड आणि पोट दोन्हीला त्रास होतो.

पैलवानांची मान कधी दुखत नाही, मग तालमीतले व्यायाम करू का? आणि योगासनं?

पैलवानांच्याही माना दुखतात, फक्त ते सांगत नाहीत. तरी तालमीकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. जोर, आखाड्याचा हौद फावड्याने खणणं, दोराने वर चढणं, या सगळ्याने पाठीचा वरचा भाग आणि खांदे असे तयार होतात की मानेवरचा भार आपोआप वाटला जातो. खासबागेत कुस्ती बघताना पैलवानांची पाठ बघा. जोर गुडघे टेकवून सुरू केले तर चाळिशीतल्या माणसालाही जमतात. डोक्यावर भार घेऊन मानेचा पूल बांधणं मात्र वस्तादाच्या नजरेखाली, वर्षांच्या तयारीनंतरच. दुखऱ्या मानेने तो कधीच नाही.

योगात भुजंगासन, मार्जारासन, ताडासन चांगली. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन दुखणं असेपर्यंत बाजूला ठेवा. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांनी हात मोकळे सोडून, जरा झपाझप चाला. नुसत्या चालण्यानेही मानेचं दुखणं हलकं होतं.

मानेमागे गाठ आल्यासारखं उंच झालंय. ते काय?

बऱ्याचदा तो मानेचा सातवा मणका असतो. तो सगळ्यांचाच थोडा वर असतो आणि मान पुढे आली की जास्त दिसतो. व्यायामाने हा उंचवटा थोडा बसतो. पण गाठ मऊ चरबीची असेल, चेहरा गोल होत असेल, बरीच वर्षं स्टेरॉईड चालू असतील, तर ती वेगळी गोष्ट आहे, डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉईड स्वतःहून अचानक बंद मात्र करू नका.

पोराची मान आत्तापासूनच पुढे दिसतेय. दप्तरामुळे का?

दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं, असं केंद्राच्या २०२० च्या धोरणात आहे. दोन्ही पट्टे खांद्यावर, दप्तर पाठीला चिकटलेलं. त्यापलीकडे पोराला दिवसभर 'सरळ बस' म्हणू नका. त्याला मैदानावर पाठवा, पोहायला पाठवा.

डोकं दुखणं आणि चक्कर मानेमुळेच ना?

डोक्याच्या मागून सुरू होऊन एकाच बाजूने डोळ्यापर्यंत येणारी, मान हलवली की वाढणारी डोकेदुखी मानेची असू शकते. मायग्रेनमध्येही मान दुखते, त्यामुळे गल्लत होते. चक्कर मात्र बहुतेक वेळा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाची, बीपीची किंवा रक्त कमी असल्याची असते. 'स्पाँडिलायटिसची चक्कर' म्हणून वर्षं काढू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा.

कोल्हापुरात दाखवायचं कुणाला?

वरच्या धोक्याच्या यादीतलं काही असेल तर अस्थिरोग किंवा मेंदू-मणक्याच्या तज्ज्ञांकडे. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. तसं काही नसेल तर थेट फिजिओथेरपिस्टकडे जाता येतं. फिजिओथेरपीची बीपीटीएच पदवी आणि राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडची नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात संकोच नको. पहिल्या भेटीत तुमचं काम काय, झोप कशी, हाताची ताकद किती हे तपासलं गेलं पाहिजे आणि घरी करायचे व्यायाम लिहून मिळाले पाहिजेत.

बरं वाटल्यावर व्यायाम बंद केला तर?

काही महिन्यांत दुखणं परत येण्याची शक्यता मोठी. रोजचं जमत नसेल तर बँडचा ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस ठेवा आणि ज्या दिवशी काम जास्त बसून होईल त्या दिवशी टॉवेलच्या गुंडाळीवर पाच मिनिटं पडा. पुन्हा दुखायला लागलं तर सगळं पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. व्यायामाचा भार निम्मा करा, आठवडाभर तिथेच राहा, मग पुन्हा वाढवा.